आयरिश एअर कोरच्या विमानांचा माग : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

काम असं: आयर्लंडच्या हवाई दलानं, म्हणजे एअर कोरनं, वापरलेल्या प्रत्येक विमानाची वेगळी कुंडली मांडायची. कुठं बनलं, कधी आलं, कोणत्या नावानंबरानं उडालं, शेवटी कुठं गेलं. दल लहान, विमानांचे क्रमांक साधे चढते. आज उडणारी पिलाटस पीसी-१२ विमानं २८० पासून पुढच्या क्रमांकांची आहेत. म्हणजे शंभर वर्षांचा सगळा पसारा तीनशे ओळींत मावेल, असा हिशेब केला आणि शनिवारभर बसून तीनशे ओळींचा तक्ता आखला. एक क्रमांक, एक ओळ.

७ जानेवारी

कालचा तक्ता टाकून दिला. पहिल्याच तासात तीन अडचणी.

सुरुवातीच्या काळात रोमन आकडे वापरात होते आणि ते प्रकारागणिक पुन्हा एकपासून सुरू होत. त्यामुळे नुसतं ‘दोन’ म्हटलं तर विमान कळत नाही. पुढे काही प्रकारांना आकड्याच्या आधी अक्षर जोडलं: सुपरमरीन वॉलरस एन १८, एन १९, एन २०, अ‍ॅव्हरो कॅडेट सी १ ते सी ७. आणि १९, २० हे आकडे तर अँसन विमानांनाही मिळालेले. अक्षर गाळून नुसता आकडा टाइप केला की वॉलरस आणि अँसन एकाच ओळीत येऊन बसतात. तसे ते बसलेही.

तिसरी अडचण सगळ्यात मूलभूत. क्रमांक ही विमानाची ओळख नव्हे, तो त्याच्या अंगावरचा एक कपडा. एकच सांगाडा (म्हणजे प्रत्यक्ष विमान) कारखान्यातून एका क्रमांकानं निघतो, आयर्लंडमध्ये दुसऱ्यानं उडतो, विकला गेल्यावर नागरी नोंदणी घेतो आणि संग्रहालयात पुन्हा पहिल्याच क्रमांकानं उभा राहतो.

नवी मांडणी तीन पानांची. पहिलं पान ‘सांगाडा’: आपण दिलेला अर्थहीन क्रमांक (स-००१, स-००२…), बनवणारा, मूळ प्रकार. एवढंच. दुसरं पान ‘ओळख’: कोणता क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, पुरावा कोणता. तिसरं ‘घटना’: तारीख, काय झालं, पुरावा, पान. सांगाड्याचा क्रमांक मुद्दाम अर्थहीन ठेवायचा. त्यात प्रकार किंवा वर्ष कोंबलं आणि नंतर ते चुकीचं निघालं, तर तिन्ही पानांत बदल करावे लागतात.

कालचे सहा तास वाया.

२० जानेवारी

तारखांनी घोळ घातला. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर विमानं (चार, क्रमांक २३ ते २६) ९ मार्च १९३८ ला बाल्डोनेलला (डब्लिनजवळचा एअर कोरचा तळ) आली. ‘९/३/३८’ असं टाइप केलं आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असल्यानं तिथं ३ सप्टेंबर नोंदलं गेलं. १२ नंतरचा दिवस असता तर चूक लगेच दिसली असती. १२ पर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात. दोन अंकी वर्षाचाही असाच खेळ आहे: ३० पासून पुढचं वर्ष १९०० च्या शतकात आणि २९ पर्यंतचं २००० च्या. म्हणजे १९२८ चं विमान २०२८ मध्ये येऊन दाखल!

आणखी एक. कागदात नुसतं ‘मार्च १९३९’ असेल तर तक्ता आपणहून १ मार्च करून टाकतो. महिन्याभरानं ती १ तारीख खरी वाटायला लागते.

उपाय: तारखेचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवायचा, मग भरायला घ्यायचं (भरल्यानंतर ठरवून उपयोग नाही, तोवर आतली किंमत बदललेली असते). लिहिण्याची रीत वर्ष-महिना-दिवस. दिवस माहीत नसेल तर १९३९-०३ एवढंच. शेजारी ‘कशाची तारीख’ असा रकाना: करार, कारखान्यातून सुटका, उड्डाण करून पोच, दफ्तरी दाखल, पहिलं उड्डाण. या पाच तारखा एकाच विमानाच्या बाबतीत दोन-दोन महिने लांब असू शकतात. दोन याद्यांत न जुळणाऱ्या तारखा दिसल्या की निम्म्या वेळा दोन्ही बरोबर असतात, फक्त घटना वेगळ्या असतात.

१४० ओळी पुन्हा तपासल्या. २३ तारखा उलटलेल्या सापडल्या. वेळ: नऊ तास.

४ फेब्रुवारी

पसारा कमी केला. १९२२ पासून आजपर्यंत सगळं एकदम घेतलं तर आयुष्य पुरणार नाही. सुरुवातीचं मार्टिनसाइड, म्हणजे १९२१ च्या लंडनमधल्या वाटाघाटी फिसकटल्या तर मायकेल कॉलिन्सला निसटता यावं म्हणून घेतलेलं आणि ‘द बिग फेला’ नावानं ओळखलं गेलेलं विमान, मोहात पाडतं. पण त्यावर आधीच खूप लिहून झालंय. आता दोनच कप्पे: १९३८ ते १९४६ (यातल्या १९३९ पासूनच्या काळाला आयर्लंडमध्ये ‘इमर्जन्सी’ म्हणतात, महायुद्ध नव्हे) आणि १९५१ ची दोन आसनी स्पिटफायर. बाकीचं सुचेल तसं.

पुराव्याची प्रतवारी ठरवली. ‘क’ म्हणजे त्या काळी लिहिलेला मूळ कागद, पाहिलेला. ‘ख’ म्हणजे मूळ कागद पाहून कुणीतरी लिहिलेलं आणि कोणता कागद ते सांगितलेलं. ‘ग’ म्हणजे बाकी सगळं. इंटरनेटवरच्या पाच याद्या एकच गोष्ट सांगतात म्हणून ‘ग’चा ‘ख’ होत नाही. त्या पाचही एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे चूक. दोन याद्यांत तीच टंकनचूक दिसली की त्यांना एकच पुरावा धरायचं. मग आमच्या ११ स्रोतांचे उरले चार.

२४ फेब्रुवारी

ब्रिटिश कार्डं. रॉयल एअर फोर्सच्या (आरएएफ, ब्रिटिश हवाई दल) प्रत्येक विमानाचं एक हालचाल-कार्ड असे, त्याला ‘फॉर्म ७८’ म्हणतात. ही कार्डं लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ म्युझियमकडे आहेत. अपघाताची वेगळी कार्डं असतात, ती ‘फॉर्म ११८०’.

कार्ड वाचायला अर्धा दिवस शिकावं लागतं. ‘एमयू’ म्हणजे साठवण-दुरुस्तीचा डेपो. ‘एसओसी’ म्हणजे दफ्तरातून नाव काढलं. ‘एफए’ म्हणजे उड्डाणातला अपघात, ‘एफबी’ म्हणजे लढाईतलं नुकसान. आम्ही पहिल्या दिवशी दोन्ही एकच समजलो. पुढचं अक्षर नुकसान किती ते सांगतं; ‘ई’ असेल तर विमान संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कार्डावरची तारीख बहुतेक वेळा कागदी हुकमाची असते. त्या दिवशी विमान तिथं उभं होतं असा अर्थ काढायचा नाही.

चूक इथं झाली: ग्लॅडिएटर आणि लायसँडर (सहा, ६१ ते ६६) यांची कार्डं शोधण्यात चार संध्याकाळी घालवल्या. ही विमानं आयर्लंडनं कारखान्याकडून नवीकोरी घेतलेली. ती आरएएफच्या दफ्तरात कधी चढलीच नाहीत, तर कार्ड असणार कुठून? याउलट हॉकर हेक्टर (तेरा, ७८ ते ९०) वापरलेली आली, त्यांना मागचा इतिहास आहे. म्हणून कार्ड मागण्याआधी विचारायचं, की विमान नवं घेतलं की जुनं. प्रतींचे पैसे आणि वाट पाहण्याचे आठवडे दोन्ही वाचतात.

भारतीय हवाई दलाच्या १९४७ पूर्वीच्या विमानांवर हेच करू पाहणाऱ्यांसाठी: समुद्रापार गेलेल्या विमानांची कार्डं बंदरापाशी जवळजवळ मुकी होतात. एक तारीख, पूर्वेकडे रवाना झाल्याची एखादी खूण आणि मग एकदम शेवट. मुंबईच्या युद्धदेणगी निधीतून भारतीय एक नंबर स्क्वॉड्रनला मिळालेल्या बारा लायसँडरांसारखं काम घेतलंत, तर कार्डाऐवजी स्क्वॉड्रनच्या रोजनिशीपासून सुरुवात करा.

१६ मार्च

स्क्वॉड्रनच्या रोजनिश्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या मालिकेत आहेत आणि घरबसल्या उतरवून घेता येतात. प्रत्येक महिन्याचे दोन भाग: ‘फॉर्म ५४०’ म्हणजे सारांश, ‘फॉर्म ५४१’ म्हणजे उड्डाणागणिक तपशील. विमानाचा क्रमांक हवा असेल तर ५४१ उघडायचा. आम्ही पहिले दोन महिने फक्त ५४० उतरवून घेतले, कारण वाचायला ते गोड असतात. त्यात वैमानिकांची नावं भरपूर, विमानांचे क्रमांक जवळपास नाहीत.

५४१ सुद्धा डोळे झाकून घ्यायचा नाही. कारकुनानं रात्री टंकलेलं असतं. पी आणि आर, व्ही आणि डब्ल्यू, ३ आणि ८ यांची अदलाबदल नेहमीची. नियम: क्रमांक त्या प्रकाराला दिलेल्या मालिकेत बसतो का ते पाहायचं. हरिकेनच्या नावापुढे दुसऱ्याच विमानाच्या मालिकेतला क्रमांक आला, तर त्या ओळीपुरता कारकून चुकला.

अपघात-हानीच्या फायली ‘एआयआर ८१’ मध्ये, सप्टेंबर १९३९ पासून. आयर्लंडमध्ये उतरलेल्या विमानांसाठी या सोन्यासारख्या.

६ एप्रिल

आजवरचा सगळ्यात उपयोगी दिवस. लढणाऱ्या देशांची वाट चुकलेली विमानं तटस्थ आयर्लंडमध्ये उतरत. त्यातली काही एअर कोरनं आपल्याकडे घेतली. क्रमांक असे (आधी आयरिश, शेवटी मूळ ब्रिटिश):

९१ – लॉकहीड हडसन, पी ५१२३
९२ – फेअरी बॅटल (नेमबाजीच्या सरावाचं लक्ष्य ओढणारं), व्ही १२२२
९३ – हॉकर हरिकेन, पी ५१७८
९४ – हरिकेन, झेड २८३२
९५ – हरिकेन, झेड ५०७०

आम्ही क्रमांकाच्या ओघानं गेलो आणि ‘उतरण्याचा क्रम’ म्हणून हाच लिहून टाकला. चूक. ९३ क्रमांकाचं हरिकेन वेक्सफर्ड परगण्यात उतरलं २९ सप्टेंबर १९४० ला. हडसन स्लायगो परगण्यातल्या स्क्रीनपाशी आलं २४ जानेवारी १९४१ ला. बॅटल वॉटरफर्ड परगण्यात, २४ एप्रिल १९४१. म्हणजे सगळ्यात आधी उतरलेलं विमान क्रमांकात तिसरं. क्रमांक पडतो तो विमान दफ्तरी दाखल होताना, जमिनीला चाकं लागताना नव्हे. मधल्या काळात दुरुस्ती, पत्रव्यवहार, किमतीची घासाघीस. या एका समजुतीवर आम्ही ‘घटना’ पानात १७ तारखा अंदाजानं भरल्या होत्या. सगळ्या पुसल्या.

झेड ५०७० ला तर पुढे १९४३ मध्ये ब्रिटिशांकडे परत दिलं. त्यामुळे ते ब्रिटिश याद्यांत दोनदा जिवंत दिसतं आणि कुणी ते दोन विमानं म्हणून मोजतं. सांगाडा एकच, ओळखी तीन.

१३ एप्रिल

घड्याळाची भानगड. एकाच उतरण्याची वेळ आयरिश कागदात एक, ब्रिटिश कागदात एक तासानं पुढे. आधी वाटलं कुणीतरी चुकलं. मग लक्षात आलं: १९४१ च्या उन्हाळ्यात ब्रिटननं घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं होतं (दुहेरी उन्हाळी वेळ), आयर्लंडनं नाही. तो काळ ४ मे ते १० ऑगस्ट १९४१.

मग उत्साहाच्या भरात १९४१ च्या सगळ्या वेळा एक तासानं सरकवल्या आणि नवी चूक केली. एप्रिलमधलं बॅटल ४ मेच्या आधीचं, त्याला फरक लागू नाही. जूनमधल्या झेड २८३२ ला लागू आहे. आता मूळ कागदातली वेळ जशीच्या तशी एका रकान्यात, कोणत्या घड्याळाची ते दुसऱ्यात, हिशेब तिसऱ्यात. मूळ आकड्याला हात लावायचा नाही.

वेळ: साडेपाच तास, त्यातले दोन दुरुस्ती बिघडवण्यात.

११ मे

डब्लिनच्या कॅथल ब्रूगा बराकीतल्या मिलिटरी आर्काइव्हजमध्ये दोन दिवस. आधी वेळ ठरवून जायचं, फायलींचे क्रमांक सूचीतून काढून आधीच कळवायचे. लिहायला जवळ फक्त पेन्सिल ठेवायची.

‘जी-टू’, म्हणजे लष्करी गुप्तवार्ता शाखेच्या फायलींत उतरलेल्या विमानांचे अहवाल आहेत. पहारा कुणाचा, इंधन किती काढलं, बंदुका कुठं नेल्या, शेताच्या मालकाला भरपाई किती, हे सगळं मिळतं. इंजिनाचा क्रमांक किंवा कारखान्याची पाटी बहुधा मिळत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाला ते टिपायचं काय कारण? म्हणून या फायलींतून जागा आणि तारीख घ्यायची, ओळख दुसरीकडून.

जागांची नावं हे वेगळं प्रकरण. ‘टाउनलँड’ ही आयर्लंडमधली सगळ्यात लहान महसुली हद्द, आपल्याकडच्या वाडी-शिवारासारखी. पोलिसांचा अहवाल टाउनलँडचं नाव देतो, लष्कराचा जवळच्या गावाचं, ब्रिटिश कागद जवळच्या शहराचं. एकाच शेताची तीन नावं, वर इंग्रजी आणि आयरिश स्पेलिंग वेगळं. आमच्याकडे एक हरिकेन तीन ठिकाणी उतरलं होतं. आता टाउनलँड, गाव, परगणा असे तीन रकाने.

मोठी चूक: पहिल्या दिवशी ४१२ फोटो काढले, एकावरही फायलीचा क्रमांक नाही. घरी आल्यावर कोणतं पान कोणत्या फायलीतलं ते जुळवायला अकरा तास गेले आणि ३८ पानं शेवटपर्यंत अनाथ राहिली. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीनं फायलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पानाच्या कडेला चौकटीत येईल अशी ठेवली. पान कोरं असलं तरी त्याचा फोटो काढायचा. नाहीतर पुढे शंका राहते की पान सुटलं की होतंच नाही.

१ जून

वॉलरस. तीनच विमानं, पण शिकवलं सगळ्यात जास्त.

एल २३०१, एल २३०२, एल २३०३ (ब्रिटिश क्रमांक) ही तिन्ही मार्च १९३९ मध्ये आयर्लंडकडे निघाली आणि एन १८, १९, २० झाली. एन १८ ला येतानाच वेक्सफर्डच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर उतरावं लागलं. पुढे जानेवारी १९४२ मध्ये याच विमानातून चौघं जण फ्रान्स गाठून जर्मनांना मिळण्यासाठी पळाले. वाटेत स्पिटफायरांनी गाठून त्यांना कॉर्नवॉलमधल्या सेंट इव्हल तळावर उतरवलं. विमान आयर्लंडला परत आलं.

परत आलं, ही ओळच याद्यांतून गळते. आमच्या ‘ग’ प्रतीच्या एका यादीनं एन १८ चा शेवट १९४२ असा दिला होता आणि आम्ही तो उचलला. खरी साखळी अशी: एल २३०१ → एन १८ → ईआय-एसीसी (आयरिश नागरी) → जी-एआयझेडजी (ब्रिटिश नागरी) → भंगारात पडलेला सांगाडा → योव्हिलटनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये पुन्हा एल २३०१. दोन्ही टोकांना तोच क्रमांक. मधली साठ-सत्तर टक्के हकिकत न पाहता कुणी टोकं जोडली, तर हे विमान कधी आयर्लंडला गेलंच नाही असं वाटेल.

नियम वाढवला: ‘नाहीसं झालं’, ‘गेलं’, ‘शेवट’ हे शब्द घटना म्हणून चालणार नाहीत. काय झालं ते लिहायचं: आपटलं, विकलं, मोडलं, जाळलं, दुसऱ्या देशाच्या ताब्यात गेलं. आणि शेवटच्या घटनेनंतरची पाच वर्षं नागरी नोंदणीच्या वह्या चाळायच्या.

२९ जून

फोटोंवरून काळ ठरवणं. आयरिश खुणा यासाठी सोयीच्या आहेत. १९३९ च्या सुमारापर्यंत हिरवा-पांढरा-केशरी असे पट्टे. मग ‘केल्टिक बॉस’ नावाची गोल वळणदार खूण, अर्धी हिरवी, अर्धी केशरी. १९५४ पासून तीच खूण तीन रंगांत, पांढऱ्यासह. म्हणजे स्पिटफायरच्या फोटोत दोन रंगी खूण असेल तर फोटो सेवेच्या पहिल्या काही वर्षांतला.

कृष्णधवल फोटोत हे दिसतं तेवढं सरळ नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल बाजूच्या रंगांना आंधळी असते, तिच्यावर केशरी गडद उतरतो. पॅनक्रोमॅटिकवर तोच केशरी फिका. त्यामुळे एका फोटोत हिरवा गडद आणि दुसऱ्यात केशरी, यावरून ‘खुणेची दिशा उलटली’ असा निष्कर्ष आम्ही काढला होता, चक्क दोन परिच्छेद लिहून. रंगाच्या छटेवरून नव्हे, पांढरा भाग आहे की नाही यावरून ठरवायचं.

उलटी छापलेली निगेटिव्हही तपासा. क्रमांक दिसत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर स्पिटफायर आणि हरिकेनची वेगमापक नळी (पिटो) डाव्या पंखाखाली असते. फोटोत ती उजवीकडे आली की फोटो उलटा. स्पिटफायरच्या कॉकपिटचं खाली उघडणारं दारही डावीकडे.

ताजी रंगसफेदी आणि पुसट क्रमांक यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. नंतर उपयोगी पडले: नव्या रंगाखालून जुना क्रमांक डोकावणारे दोन फोटो त्यात निघाले.

३ ऑगस्ट

दोन आसनी स्पिटफायर. १९५१ मध्ये सहा आली. ही मुळात महायुद्धातली एक आसनी मार्क ९. व्हिकर्सनं बदलून टी ९ (दोन आसनी प्रशिक्षण विमान) केली. पुढचं कॉकपिट साडेतेरा इंच पुढे सरकवलं आणि मागं दुसरं बसवलं. चाचणी काळात कारखान्याचे तात्पुरते क्रमांक होते (पुढे मूळ ब्रिटिश क्रमांक, मग आयरिश):

जी-१५-१७१ – एमजे ६२७ – आयरिश १५८
जी-१५-१७२ – एमजे ७७२ – १५९
जी-१५-१७३ – एमके ७२१ – १६०
जी-१५-१७४ – पीव्ही २०२ – १६१
जी-१५-१७५ – एमएल ४०७ – १६२
जी-१५-१७६ – टीई ३०८ – १६३

‘जी-१५’ ही ब्रिटिश नागरी नोंदणी नव्हे, बनवणाऱ्याला चाचणीपुरती मिळालेली खूण. तोच आकडा काम झाल्यावर पुन्हा वापरला जाऊ शकतो. आम्ही ती नागरी नोंदणीच्या रकान्यात टाकली आणि नोंदणीच्या वह्यांत शोधत बसलो. तीन तास.

दुसरा खड्डा प्रकाराचा. ‘सांगाडा’ पानात यांचा प्रकार ‘टी ९’ लिहिला, तर ६ जून १९४४ ला नॉर्मंडीवर दोन आसनी विमान लढलं असं तक्ता म्हणायला लागतो. एमएल ४०७ त्या दिवशी ४८५ (न्यूझीलंड) स्क्वॉड्रनमध्ये होतं, एक आसनी. म्हणून प्रकार सांगाड्याला चिकटवायचा नाही. ‘ओळख’ पानात तारखांसह लिहायचा.

तिसरा: आज उडणारी विमानं बहुधा युद्धकाळातली स्क्वॉड्रनची अक्षरं लावून उडतात. एमजे ७७२ आणि टीई ३०८ तर १९६८ मध्ये एका युद्धपटाच्या चित्रीकरणात रंगून घेतलेली. त्या काळातल्या फोटोवरची अक्षरं म्हणजे रंगभूषा. पुराव्यात धरायची नाहीत.

पंखांबद्दल एक सूचना. जुन्या विमानांचे पंख, शेपट्या, इंजिनं यांची अदलाबदल होतच असते. पंखावर सापडलेला क्रमांक पंखाचा, विमानाचा नव्हे. आम्ही ओळख फ्यूजलाजबरोबर (विमानाच्या धडाबरोबर) जाते असं धरलं आणि तसं तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलं.

१४ सप्टेंबर

पन्नास-साठच्या दशकाचा एक तुकडा सहज हाताशी होता म्हणून जोडला. चढत्या क्रमांकांत खरेदीचा इतिहास कसा दिसतो पाहा: १६४ ते १७५ चिपमंक, १७६ डव्ह, १७७ ते १८४ प्रोव्होस्ट, १८५ ते १८७ व्हँपायर, १८८ डव्ह, १८९ आणि १९० पुन्हा प्रोव्होस्ट, १९१ ते १९३ पुन्हा व्हँपायर, १९४ डव्ह, १९५ ते १९७ अलुएट हेलिकॉप्टर. पैसा तुकड्या-तुकड्यानं मिळत होता हे कुठल्याही अहवालाशिवाय कळतं.

मग १९८ व्हँपायर. आम्ही मोजलं: सात व्हँपायर. पण दलानं उडवली ती टी ५५ जातीची सहा. १९८ हे ब्रिटिश टी ११, एक्सई ९७७, जमिनीवर तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी घेतलेलं. क्रमांक मिळाला म्हणून ते उडालं असं नाही. ‘ओळख’ पानात ‘उड्डाणासाठी / जमिनीवर’ असा रकाना वाढला.

सारख्या नावाच्या जुळ्यांचाही ताप. अ‍ॅव्हरो ६३१ कॅडेट सी ७ हे एअर कोरचं, न्यूझीलंडला जाऊन पुढे आयर्लंडला परतलेलं. ईआय-एएलपी हेही अ‍ॅव्हरो कॅडेट, हेही आयर्लंडमधलं, पण ६४३ जातीचं आणि नागरी. दोघांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये पडले होते.

१९ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब: जुनी पुस्तकं १४० युरो, कागदांच्या प्रती ९६, बस-रेल्वे ३८, वेगळी हार्डडिस्क ३८. एकूण ३१२. वेळ साधारण १९० तास, त्यातला अंदाजे तिसरा हिस्सा स्वतःच्याच चुका निस्तरण्यात. सगळ्यात महाग पडल्या त्या चिठ्ठीविना काढलेल्या ४१२ फोटोंची जुळवाजुळव आणि उलटलेल्या तारखा. दोन्हींचा उपाय फुकट होता.

तक्त्याची सद्यस्थिती: १९३८-४६ च्या कप्प्यात ज्या सांगाड्यांना किमान दोन स्वतंत्र पुरावे आहेत ते हिरवे, एकच असलेले पिवळे, नुसते ‘ग’वाले कोरे. कोरे सगळ्यात जास्त मॅजिस्टर प्रशिक्षण विमानांत आहेत. त्यातलं ३४, म्हणजे एन ५३९२, डब्लिनच्या कॉलिन्स बराकीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेलं असल्यानं तेवढं पक्कं. बाकीच्यांसाठी कार्डं मागवली आहेत.

९ नोव्हेंबर

कार्डांची पहिली खेप आली. चौदा. त्यातल्या दोन कार्डांवरचा शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नाही. भिंग लावून, मग स्कॅन चौपट मोठा करून पाहिलं. त्याच हातानं त्याच कार्डावर लिहिलेले इतर ३ आणि ८ कापून शेजारी ठेवले. एक ८ निघाला. दुसरा अजून पिवळा.